सध्या काय वाजवताय? सरावाचे पीस आणि स्वतःचे गिटार प्रोजेक्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन गिटारवाले भेटले की पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच, सध्या काय वाजवतोयस. आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, "असंच, थोडं थोडं सगळंच." मी पण बरीच वर्षं हेच सांगायचे. मग एकदा वही घेऊन बसले आणि लिहून काढलं की पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत न अडता मला काय काय वाजवता येतं. तीन पीस, म्हणजे अख्ख्या रचना, निघाले. नुसती सुरुवात येते अशा गोष्टींनी मात्र दोन पानं भरली. त्या दिवसापासून माझा सराव बदलला आणि तेव्हापासून मला जे जे विचारलं जातं त्याची उत्तरं इथे एकत्र लिहितेय. माझा हात नायलॉनच्या तारांवर जास्त बसलाय त्यामुळे उदाहरणं तिकडची जास्त येतील, पण बाकीच्यांनाही उपयोग होईल असं बघितलंय.

एका वेळी किती पीस हातात घ्यावेत?

तीन. एक जरा जड जाणारा, ज्याला दोन-तीन महिने लागणार हे माहीत असलेला. एक जवळजवळ तयार झालेला, ज्यावर फक्त शेवटचा हात फिरवायचाय. आणि एक स्वतःचं काहीतरी, मग ती आठ बारची (बार म्हणजे ठरलेल्या मात्रांचा एक तुकडा) धून का असेना. यापेक्षा जास्त घेतले की रोज प्रत्येकाला पाच-पाच मिनिटं मिळतात आणि महिनाभराने सगळे आहेत तिथेच असतात. आणि एकच घेतला तर त्याचा कंटाळा येतो, कंटाळा आला की कान बंद होतात आणि मग चूक ऐकूच येत नाही.

पीस आपल्या लेव्हलचा आहे का हे कसं ओळखायचं?

माझी साधी कसोटी आहे. एका बैठकीत, अगदी मुंगीच्या वेगाने का होईना, पहिल्या आठ बारांची बोटं कळली पाहिजेत. कुठलं बोट कुठे जातं हेच समजायला तीन दिवस लागत असतील तर तो पीस वर्षभराने घ्या, तो कुठे पळून जात नाही.

आणि पायऱ्या आहेत, त्या सोडून उडी मारू नका. उजवा हात कच्चा असेल तर जुलियानीचे १२० आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून छेडायचे व्यायाम) आहेत, त्यात डावा हात फक्त सी आणि जी सेव्हन या दोनच कॉर्ड धरतो त्यामुळे सगळं लक्ष उजव्या हाताकडे देता येतं. त्याच्यानंतर कारकासीचे ओपस ६० मधले २५ अभ्यास. यांना लोक कोरडा व्यायाम समजून सोडून देतात ते मला खरंच पटत नाही, त्यातला तिसरा नीट वाजवून बघा, वरची धून आर्पेजिओमधून सुटी काढून गायला लावणं हे आख्ख्या आयुष्याचं काम आहे. तार्रेगाचा 'लाग्रिमा' दिसायला एक पान आहे, पहिला भाग ई मेजर, दुसरा ई मायनर, सूर मोजकेच, पण प्रत्येक सूर पुढच्या सुरापर्यंत वाजत ठेवायचा म्हटलं की बोट कधी उचलायचं याचा विचार करावा लागतो.

रोज त्याच एका जागी अडतं. कितीही वेळा वाजवलं तरी तिथेच. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, पीस सुरुवातीपासून वाजवणं थांबवा. प्रत्येक वेळी पहिल्या बारपासून सुरू करून अडलेल्या जागी येऊन आपटायचं, परत पहिल्या बारला जायचं, यात सुरुवात रोज वीस वेळा घोटली जाते आणि अडलेल्या जागेवर चूक वीस वेळा घोटली जाते. हातांना चूक-बरोबर काही कळत नाही, जे घोटाल ते बसतं.

दुसरं, अडचण बहुधा अडतं त्या बारात नसते, त्याच्या आधीच्या बारात असते. 'रोमान्स' नावाचा तो प्रसिद्ध पीस घ्या, ज्याचा रचनाकार नक्की कोण यावर अजून वाद आहे. ई मायनरचा पहिला भाग, मोकळ्या तारा, सगळं छान चाललेलं असतं, आणि मग सातव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) बॅरे धरून, म्हणजे तर्जनी तारांवर आडवी टाकून, करंगळी पहिल्या तारेवर अकराव्या फ्रेटपर्यंत न्यायची जागा येते. मी दोन महिने तिथे करंगळी ताणत बसले होते, सूर एक तर बसका यायचा नाहीतर यायचाच नाही. मग एक दिवस आरसा समोर ठेवून वाजवलं तेव्हा दिसलं की त्याच्या आधीच्या बारातच माझा अंगठा मानेच्या मागून वर चढलेला असतो. अंगठा वर गेला की तळहात मानेला चिकटतो आणि करंगळीची पोहोच तिथेच संपते. अंगठा मागे मधोमध खाली आणला. मग एक उलटी युक्ती केली, आधी करंगळी अकराव्या फ्रेटवर ठेवायची आणि नंतर तर्जनी मागे सातव्याकडे पसरायची, कारण करंगळी पुढे ताणण्यापेक्षा तर्जनी मागे नेणं हाताला सोपं जातं. ताण किती लागतो हे एकदा हाताला कळलं की मग नेहमीच्या क्रमाने. आठवड्यात जागा सुटली. आणि हो, बॅरेमध्ये सहाही तारा सारख्या जोरात दाबायची गरज नसते, त्या बारात ज्या तारा वाजतात तेवढ्याच नीट दाबल्या तरी पुरतं, बाकीचा जोर फुकट जातो आणि हात दमतो.

तिसरं, अडलेली जागा मागचा एक सूर आणि पुढचा एक सूर घेऊन वाजवा, मग दोन-दोन, मग अख्खा बार. नुसती तीच जागा सुटी वाजवली तर ती सुटीच येते, पीसमध्ये आली की परत अडते.

मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टोले देणारं यंत्र) लागतोच का? त्याने वाजवणं मशीनसारखं होतं ना?

लागतो, पण सारखा नाही. मी अवघड जागा ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० टोल्यांवर, सुरू करते, सलग तीन वेळा स्वच्छ आली की ४ ने वाढवते, नाही आली की ४ ने उतरवते, दहा मिनिटं झाली की बंद. दुसऱ्या दिवशी कालच्या शेवटच्या आकड्यावर सुरू करायचं नाही, थोडं खालून सुरू करायचं.

एक गोष्ट मात्र फार लोक चुकतात. हळू वाजवताना कुठलंही बोट चालून जातं, उजव्या हाताचं एकच बोट सलग दोनदा आलं तरी कळत नाही, आणि मग वेग वाढवला की एका आकड्यावर सगळं कोसळतं. त्यामुळे हळू वाजवतानाही बोटं तीच हवीत जी वेगात लागणार आहेत, हे आधी वेगात दोन-चार सूर वाजवून ठरवा आणि पेन्सिलने कागदावर लिहून ठेवा.

आणि लय पक्की झाली की मेट्रोनोमचा टोला कमी करत जा, चार बीटला चार टोले, मग दोन, मग बारला एकच. मधली जागा तुम्ही स्वतः भरताय की नाही ते तिथे कळतं.

ट्रेमोलो कधी जमणार? माझा घोड्याच्या टापांसारखा येतो.

टापा येतात कारण चार ठोक्यांमधलं अंतर सारखं नाहीये. ट्रेमोलोत, म्हणजे तोच सूर बोटांनी भराभर परत परत छेडताना, क्रम असतो अंगठा, अनामिका, मधलं बोट, तर्जनी, आणि बहुतेकांचं होतं काय तर तिन्ही बोटं घाईघाईने एकत्र पडतात आणि अंगठ्याच्या आधी खड्डा पडतो. तार्रेगाच्या 'रेकुएर्दोस दे ला आल्हाम्ब्रा'च्या मोहाने सगळे इथे येतात (मी पण तशीच आले) आणि थेट पीसवरच उजवा हात घडवायला जातात. तसं करू नका. एकच साधी कॉर्ड धरा, मेट्रोनोमच्या एका टोल्याला एकच ठोका, इतकं हळू. प्रत्येक ठोक्यानंतर पुढचं बोट लगेच तारेवर टेकवून ठेवायचं म्हणजे सूर तुटक येतील, तसेच येऊ देत. मग जोर फिरवायचा, एक फेरी अनामिकेवर जोर, एक मधल्यावर, एक तर्जनीवर. आणि हे दुसऱ्या तारेवर करा, पहिल्या तारेवर नको. पहिलीच्या पलीकडे मोकळी जागा असते त्यामुळे बोटं ढिली फिरली तरी चालून जातं, दुसरीवर दोन्ही बाजूंना तारा असतात, बोटाची हालचाल आपोआप लहान होते. त्या पीसची सुरुवातही दुसऱ्या तारेवरच आहे.

वेळ? मला टापा जायला सात महिने लागले, रोज दहा मिनिटं.

टॅब की नोटेशन?

जे येतं त्याने सुरुवात करा. टॅबमध्ये, म्हणजे तार आणि फ्रेटचा आकडा लिहिलेल्या कागदावर, बोट कुठे ठेवायचं ते कळतं पण सूर किती वेळ धरायचा आणि कुठला सूर कुठल्या आवाजाचा हे नीट दिसत नाही, त्यामुळे दोन-तीन आवाज असलेल्या पीसला नोटेशन वाचता येणं फार सोयीचं पडतं. पियानोवाल्यांबरोबर वाजवणार असाल तर एवढं लक्षात असू द्या की गिटारचं नोटेशन लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतं.

पीस पाठ होतो पण कुणासमोर वाजवताना मध्येच डोकं कोरं होतं. असं का?

कारण तो फक्त बोटांना पाठ असतो. बोटांची आठवण साखळीसारखी असते, एक कडी सुटली की पुढचं काही येत नाही. बाखचा ई मायनरमधला 'बुरे' (एका जुन्या फ्रेंच नाचाचा प्रकार) घ्या, बीडब्ल्यूव्ही ९९६ (हा बाखच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) या ल्यूट सूटमधला, लहानसा आहे पण वरचा आवाज आणि बेस दोघेही सतत आपापल्या वाटेने चालतात. हा नुसता बोटांनी पाठ केला की हमखास दुसऱ्या भागात हरवायला होतं. मी काय केलं, पीसमध्ये पाच ठिकाणं ठरवली जिथून कुठल्याही क्षणी सुरू करता आलं पाहिजे, त्यांना नंबर दिले आणि चिठ्ठी काढल्यासारखं कुठलाही नंबर मनात आणून तिथून वाजवायचं. शेवटचा तुकडा आधी पाठ केला, मग त्याच्या आधीचा, म्हणजे पुढे जाताना आपण ओळखीच्या रस्त्याकडे चाललेलो असतो. आणि बेस वाजवत वरचा आवाज गुणगुणायचा, मग उलट. हे खूप अवघड जातं पण एकदा जमलं की पीस डोक्यात बसतो, मग बोट चुकलं तरी कान पुढचा सूर सांगतो.

गिटार हातात न घेता डोळे मिटून अख्खा पीस मनात वाजवून बघा. जिथे धूसर होतं तिथेच लोकांसमोर अडणार आहे.

इलेक्ट्रिकवाल्यांनी पूर्ण सोलो बसवावा की नुसते लिक्स (छोटे छोटे तुकडे)?

पूर्ण सोलो, निदान वर्षातून दोन-तीन. सोलो कसा चढतो, कुठे श्वास घेतो, कुठे मुद्दाम थांबतो हे तुकड्यातुकड्यांत कळत नाही. आणि टॅब उघडण्याआधी कानाने जेवढं निघतं तेवढं काढा, रेकॉर्डिंग अर्ध्या वेगाने लावलं तरी चालेल.

बेंडिंगकडे, म्हणजे तार बोटाने ओढून सूर वर चढवण्याकडे, लक्ष द्या. नव्वद टक्के लक्ष वेगाकडे असतं आणि बेंड मात्र सुरात नसतात. दुसऱ्या तारेवर आठवा फ्रेट, हा जी आहे, तो पूर्ण बेंड केला की ए यायला हवा, आणि तोच ए पहिल्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर मिळतो. आधी तो वाजवा, ऐका, मग बेंड करून तिथे पोचा. रोज पाच मिनिटं एवढंच.

"स्वतःचा प्रोजेक्ट" म्हणजे नक्की काय? मी काही कंपोझर नाही.

नसलात तरी चालतं. आवडत्या गाण्याची सोलो गिटारवर बांधणी हा प्रोजेक्ट आहे. घरातल्या कुणाच्या तरी वाढदिवसासाठी दीड मिनिटाची धून हा प्रोजेक्ट आहे. लूपरवर (वाजवलेलं परत परत ऐकवत राहणारं यंत्र) तीन थर चढवून त्यावर इम्प्रोव्हाइज करणं हा पण आहे. फक्त त्याला कुंपण हवं. "एक अल्बम करायचाय" याला काही अर्थ नाही, तो कधीच होत नाही. "चार पीस, प्रत्येक दोन मिनिटांच्या आत, एकच गिटार, वर दुसरा ट्रॅक नाही, तीन महिन्यांत" असं ठरवलं की होतं. मर्यादा घातली की निर्णय कमी होतात आणि वाजवणं जास्त होतं, मला तरी हा अनुभव दर वेळी आलाय.

सुचलेली चाल ताबडतोब फोनवर रेकॉर्ड करा आणि फाइलला नाव द्या, "नवीन रेकॉर्डिंग ४७" असं ठेवलं तर ती गेलीच समजा. नावात ट्यूनिंग आणि कॅपो (मानेवर लावायचा चिमटा) कितव्या फ्रेटला हे लिहाच. माझी एक सुंदर धून अशी आहे की ऐकू येते पण कुठल्या ट्यूनिंगमध्ये वाजवली होती ते आजपर्यंत सापडलेलं नाही, त्याची अजून हळहळ वाटते.

गाण्याची चाल सोलो गिटारवर कशी बसवायची?

आधी नुसती धून वरच्या तीन तारांवर वाजवा, शब्द मनात म्हणत, म्हणजे श्वासाच्या जागा कळतात. मग त्याखाली फक्त बेस, बारला एक सूर. इथे स्केलची निवड महत्त्वाची आहे, मूळ गाणं ज्या स्केलमध्ये आहे त्यातच वाजवायचा हट्ट धरू नका, असं स्केल घ्या की मुख्य बेस मोकळ्या ई, ए, डी तारांवर पडतील. बेसला बोट लागलं नाही की डावा हात धुनेसाठी मोकळा राहतो. धून आणि बेस एवढ्या दोनच गोष्टींनी गाणं उभं राहिलं पाहिजे. ते राहिलं की मग मधल्या तारांवर भर घाला, आणि तीही जिथे धून थांबते तिथेच. सगळे उलट करतात, आधी भरगच्च कॉर्ड धरतात आणि मग त्यात धून कोंबतात.

वेगळं ट्यूनिंग वापरू का?

वापरा, पण एका वेळी एक, आणि त्यात निदान महिनाभर राहा. ड्रॉप डी सगळ्यात सोपं, सहावी तार ई वरून डी ला आणायची, म्हणजे साधारण ८२ हर्ट्झवरून ७३ वर, बाकी पाच तारा आहेत तशाच. त्या एका सुराने अख्खी गिटार खोल वाटायला लागते. डी ए डी जी ए डी हे ट्यूनिंग इंग्लिश गिटारवादक डेव्ही ग्रॅहमने १९६० च्या दशकात लोकांपर्यंत आणलं, त्यात मोकळ्या तारा छेडल्या तर मेजरही नाही आणि मायनरही नाही असा आवाज येतो कारण तिसरा सूरच नसतो, म्हणून धुनेला दोन्हीकडे जायला जागा मिळते.

घरी रेकॉर्ड करायला काय लागतं?

फोन. खरंच. आधी फोनवर दहा टेक करून बघा, त्यातूनच कळेल की अडचण मशीनची आहे की हाताची.

त्यापुढे जायचं असेल तर एक माइक, तो कॉम्प्युटरला जोडायला एक इंटरफेस, हेडफोन. माइक साउंडहोलसमोर लावू नका, तिथे नुसता घुमणारा बेस येतो, बाराव्या फ्रेटच्या आसपास रोखा, वीस-तीस सेंटीमीटरवर, आणि मग एकेक इंच सरकवत ऐका. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात जोरात वाजवलं तरी शून्याच्या खाली ६ डेसिबल जागा उरेल, २४ बिटला रेकॉर्ड करत असाल तर कमी लेव्हलची भीती नको. स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येत असेल तर बफर (आवाज पुढे जाण्याआधी कॉम्प्युटर जेवढा साठवतो तो तुकडा) कमी करा, ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पल म्हणजे एका बाजूचे साधारण ५ मिलिसेकंद होतात. तारा त्याच दिवशी बदलून रेकॉर्डिंगला बसू नका, नायलॉनच्या तर बरेच दिवस उतरत राहतात.

सलग पूर्ण टेक घ्या. तीन घ्या, थांबा, दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच रात्री ऐकलं की फक्त चुका ऐकू येतात.

दुसऱ्याचा पीस रेकॉर्ड करून टाकला तर कॉपीराइटचं काय?

बाख १७५० मध्ये गेला, तार्रेगा १९०९ मध्ये, त्यांच्या मूळ रचना आता सगळ्यांच्या आहेत. पण एखाद्याने अलीकडे केलेली अरेंजमेंट किंवा संपादित आवृत्ती वेगळी, तिच्यावर हक्क असू शकतो, आणि दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगवर तर असतोच. आजच्या गाण्यांचे नियम देशागणिक वेगळे आहेत, टाकण्याआधी बघून घ्या. आणि अरेंजमेंट कुणाची ते लिहा, कुणीतरी त्यावर महिने घालवलेले असतात.

जुने पीस विसरायला होतात.

होणारच. आठवड्यातला एक दिवस फक्त तयार पीससाठी ठेवा, नवीन काही नाही. एकदा हळू, कागद समोर ठेवून, एकदा पाठ. हळू वाजवणं सोडू नका, बिनकागदाचं घाईत वाजवत राहिलं की छोट्या छोट्या चुका कायमच्या घर करतात.

दिवसाला वीसच मिनिटं मिळतात.

पुरतात, फक्त बसण्याआधी ठरलेलं असू दे. कालच रात्री लिहून ठेवा, "उद्या अठरावा आणि एकोणिसावा बार". गिटार पेटीत न ठेवता स्टँडवर ठेवली तर आणखी पाच मिनिटं निघतात.

हात दुखतो तरी वाजवू का?

नाही. बोटांच्या टोकांची जळजळ सुरुवातीला होते, ती वेगळी. मनगटात, कोपरापर्यंत कळ किंवा मुंग्या येत असतील तर लगेच थांबा आणि टिकून राहिल्या तर डॉक्टरांना दाखवा. जोर लावून यातून बाहेर पडता येत नाही.

एखादा पीस अर्धवट सोडला तर चालेल का?

चालेल, पण ठरवून सोडा. वहीत लिहा की कुठल्या बारपर्यंत आला, कितीवर वाजत होता आणि का सोडला. मी सोडलेले दोन पीस अशा नोंदीमुळेच तीन वर्षांनी परत उचलता आले, आणि दोन्ही पूर्ण झाले.

तुमचं स्वतःचं सध्या काय चालू आहे?

जड जाणारा पीस म्हणून बुरे. पहिल्या भागाचे आठ बार आता कुठूनही सुरू करता येतात, दुसऱ्या भागाच्या सोळापैकी दहा. अकराव्यात बेस आणि वरचा आवाज एकमेकांपासून लांब जातात आणि माझं चौथं बोट अजून अर्धा क्षण उशिरा उतरतं, ७२ वर स्वच्छ, ७६ वर नाही. तयार पीस 'लाग्रिमा', त्याच्या मायनर भागात शेवटी थोडं थांबायचं की सरळ जायचं हे ठरत नाहीये, दोन्ही रेकॉर्ड करून ठेवलंय. आणि प्रोजेक्ट म्हणजे ड्रॉप डी मधले चार छोटे पीस, तीन झालेत, चौथ्याची धून आहे आणि बेस आहे, मधल्या तारा अजून रिकाम्या आहेत.